आधी निवू दे

त्या घरात पाणी पिण्याला वेळ होती, आणि ती वेळ म्हातारीने ठरवलेली होती. माणसांचं एक वेळ चालून जाई, पण खेचराच्या बाबतीत तिच्यापुढे कोणाची मात्रा चालत नसे. भुरी दिवसभर कच्च्या विटांची गाडी ओढायची, थापणीच्या मैदानापासून भट्टीपर्यंत आणि भट्टीपासून पुन्हा मैदानापर्यंत. संध्याकाळी ती दारात आली की म्हातारी आतूनच ओरडायची, "आधी निवू दे. मग पाणी."

निवू दे म्हणजे अंगावरचा घाम वाळू दे, नाकपुड्यांची फुरफुर थांबू दे, छातीवर हात ठेवला तर चटका बसता कामा नये. मग बादली. तोवर भुरी खुंट्याशी उभी राहून बादलीकडे बघत राही, आणि सून भुरीकडे.

"तापल्या तव्यावर पाणी मारलं तर काय होतं?" म्हातारी विचारायची आणि उत्तरही तीच द्यायची. "तडकतो. पोटाचंही तसंच."

हे तिने ऐकीव सांगितलेलं नव्हतं. तिच्या नवऱ्याचं एक काळं खेचर होतं. अशाच एका उन्हाळ्यात ते भर दुपारी खड्ड्यातलं पाणी प्यालं आणि दिवस मावळायच्या आत पाय झाडून मेलं. म्हातारी ही गोष्ट पुष्कळदा सांगे, पण त्या दुपारी त्याचा दोर कोणी सोडला होता ते कधी सांगत नसे. प्यालं आणि मेलं, एवढंच.

तिचा मुलगा गाडी हाकायचा. भट्टीवर त्याला सगळे घुम्या म्हणत, आणि ते नाव ज्याने ठेवलं त्याला बक्षीस द्यायला हवं होतं. मूग गिळून बसण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आई बोलली तरी गप्प, बायको बोलली तरी गप्प, मुकादमाने आई-बहिणीवरून शिव्या दिल्या तरी गप्प. फक्त भुरीशी तो अधूनमधून बोले. तेही कानात.

त्या वर्षी ऊन लवकर आलं आणि जायचं नाव घेईना. पाण्याचा तोटा होता असं मात्र नाही. चिखलाच्या खड्ड्यांत पाइप दिवसभर सोडलेला असे. मातीला हवं तेवढं पाणी मिळत होतं. मुकादमाच्या छपरीखाली पिण्याचं पिंप होतं, त्याला साखळीने पेला बांधलेला होता, पुरुष येता-जाता तो तोंडाला लावत. सून त्या पिंपाजवळून दिवसातून कितीदा तरी जायची. डोक्यावर विटा असायच्या, दात चुंबळीचं टोक धरून असायचे, आणि नजर खाली.

ती पाणी पीत नसे त्याचं कारण म्हातारीचा तवा नव्हता. कारण अगदी साधं होतं. भट्टीच्या चहूबाजूंनी जमीन खणून सपाट केलेली. झाड नाही, झुडूप नाही, आडोसा म्हणून एक भिंत नाही. विटांच्या थप्प्या होत्या, पण त्यांच्यावर पुरुष चढलेले, आणि झोपड्यांमागूनही दिवसभर ये-जा. बायका पहाटे अंधारात एकमेकींना हाका मारत लांब जाऊन येत, आणि मग दिवस बुडेपर्यंत नाही. दिवस बुडेपर्यंत नाही म्हणजे नाहीच. नवी आलेली मुलगी आधी आठवडाभर रडते, मग तिला जमतं. भाकरीबरोबर दोन घोट घ्यायचे आणि तिसरा घ्यायचा नाही, एवढी साधी ती विद्या होती.

त्याचे भोग पुढे येत. लघवीला आग होते, त्याला बायका उन्हाळी लागली म्हणतात. नावच असं आहे की त्यापुढे बोलायला जागा राहत नाही. उन्हाळ्यात उन्हाळी लागणार नाही तर काय हिवाळी लागणार? बेंबीवर ओलं फडकं ठेवायचं, दोन दिवस दात आवळायचे, कामाला लागायचं. सुनेला ती त्या वर्षी तिसऱ्यांदा लागली होती आणि या खेपेला जात नव्हती. कंबरेच्या वर, पाठीत उजवीकडे एक कळ बसली होती. विटा उचलायला वाकलं की ती कळ जागी व्हायची. सुनेने ते कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? उन्हाळी सगळ्यांनाच होती.

भुरी बसली ती सकाळच्या चौथ्या-पाचव्या खेपेला. मैदान आणि भट्टी यांच्या अगदी मधोमध ती थांबली. घुम्याने तोंडाने चुचकारलं. तिने मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघितलं, जणू तिथे कोणी बोलावत होतं. पुढचा पाय जमिनीवर आपटला, पुन्हा आपटला, आणि दांड्यांसकट खाली बसली. गाडी पुढे कलंडली. वरचे थर सरकून विटा फुटल्या. कच्ची वीट फुटते तेव्हा आवाज होत नाही, नुसती माती होते.

मुकादम धावत आला. तो आधी विटांकडे धावला.

"काय केलंस हे? अं? भट्टी भरायची थांबलीये तिकडे, आणि तुझी राणी बसली होय आराम करायला?"

घुम्याने पट्टे सोडवले. भुरीला कसंबसं उठवलं, बाजूला नेलं. तिचं पोट ताठ झालं होतं आणि वरचा ओठ वर ओढला जाऊन दात दिसत होते.

"उरलेला माल कोण नेणार?" मुकादम म्हणाला. "तुझा बाप?"

बाप तर केव्हाच गेला होता. घुम्या स्वतःच दांड्यांमध्ये शिरला. सुनेने मागून हात लावला. रस्त्याला चढ होता, आणि चाक मातीत रुतलं की ती खांद्याने रेटायची. कंबरेतली कळ तोंडापर्यंत यायची आणि ती गिळायची. थप्पीवरच्या पोरांना मजा वाटली. "भुरीपेक्षा घुम्या बरा चालतो!" एकाने ओरडून सांगितलं. "चारा पण कमी लागतो!" दुसरा म्हणाला. घुम्याने वर बघितलं नाही. गाडी रिकामी झाल्यावर तो सरळ पिंपाकडे गेला आणि पेल्यामागून पेला प्यायला. पाणी त्याच्या गळ्यावरून, छातीवरून ओघळलं. छातीवर भुरीच्या पट्ट्यासारखाच एक लाल वळ उठला होता.

सून पिंपापासून दूर उभी होती. "तू पी ना," तो म्हणाला.

"नको."

त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्याचा तो स्वभावच होता, आणि तिला त्या वेळी त्याचा राग आला.

*

गुरांचा डॉक्टर दुपारी आला. फटफटीच्या मागे पेटी बांधलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, सदऱ्याला शेणाचे डाग. एवढ्या पट्ट्यात तो एकटाच होता. उतरल्या उतरल्या त्याने जांभई दिली आणि तिची माफीही मागितली.

भुरी झोपडीमागच्या सावलीत उभी होती. ती बसायला जाई आणि घुम्या तिला उठवी. म्हातारी उंबऱ्यात बसून हे बघत होती. सून कुडाच्या भिंतीआड उभी होती. तिला बसवत नव्हतं.

डॉक्टरने भुरीच्या मानेवरची कातडी चिमटीत धरली, ओढली, सोडली. कातडी परत बसायला हवी होती. ती तशीच उभी राहिली, घडी घातलेल्या कापडासारखी. मग त्याने तिच्या हिरड्यांवर बोट फिरवलं. मग कुशीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिला.

"काय ऐकू येतंय?" म्हातारीने विचारलं.

"काहीच नाही, आजी. तेच तर वाईट आहे. शेण कधी टाकलं होतं हिने?"

घुम्याने डोकं खाजवलं.

"काल सकाळी," भिंतीआडून सून म्हणाली. "थोडंसंच. सुकं. गोट्यांसारखं."

"आणि लघवी?"

"अगदीच कमी. रंग काळ्या चहासारखा."

"बरोबर." डॉक्टरने भिंतीकडे बघून मान हलवली. "पाणी किती वेळा पाजता?"

"संध्याकाळी," म्हातारी म्हणाली. "निवल्यावर."

"आणि दिवसा?"

"दिवसा कसं पाजणार? तापलेली असते ना."

डॉक्टर खाली बसला. दमलेला माणूस बसतो तसा, आधी हात टेकून. "आजी, हिच्या पोटात सगळं सुकून गच्च बसलंय. नळ वाळला तर गाळ पुढे कसा जाईल? हिला पाणी हवंय. तापलेली असताना तर जास्तच हवंय. आत्ता नाकातून नळी घालून पोटात पाणी आणि तेल सोडतो. उशीर झाला तर नाही वाचायची."

म्हातारी उठून उभी राहिली. गुडघे कटकटले. "नळीने? एवढ्या उन्हात? बादलीभर?"

"दोन-तीन बादल्या."

"बुडवून मारा त्यापेक्षा." ती मुलाकडे वळली. "ऐकतोयस का? तुझ्या बापाचं खेचर कसं गेलं सांगितलंय ना तुला? माझ्या डोळ्यांदेखत गेलं. प्यालं आणि गेलं. हे शिकलेले लोक उद्या फटफटीवर बसून निघून जातील. गाडी तुझी बसेल. चूल माझी विझेल."

डॉक्टरने पेटीतून नळी काढली. त्याने घुम्याकडे बघितलं. इकडे आड, तिकडे विहीर. आईने आजवर सांगितलेलं त्याने कधी मोडलं नव्हतं, निदान तोंडावर तरी नाही. भुरीने पुन्हा गुडघे वाकवले. त्याने तिच्या मानेला हात घातला आणि तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. मग मोठ्याने म्हणाला, आणि एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून सुनेने त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"आई, सकाळी मी भुरीच्या जागी गाडी ओढली. निखाऱ्यासारखा तापलो होतो. पोटभर पाणी प्यालो. तडकलो नाही."

"तू माणूस आहेस."

"गाडीत तर जनावरच होतो." तो डॉक्टरला म्हणाला, "घाला नळी."

म्हातारी आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. बाहेर घुम्याने भुरीच्या वरच्या ओठाला दोरीचा पेच टाकून धरून ठेवलं, डॉक्टरने तेल लावलेली नळी नाकपुडीतून हळूहळू आत सरकवली, आणि सुनेला भिंतीआडून बाहेर यावंच लागलं, कारण बादल्या भरून द्यायला दुसरं कोणी नव्हतं. ती बादली उचलून डॉक्टरच्या हातात देई, तो नरसाळ्यात ओती, पाणी गुडगुड करत खाली जाई. ओठ सुकलेले असताना दुसऱ्याच्या पोटात पाणी जाताना ऐकणं ही एक वेगळीच शिक्षा आहे. तिची जीभ टाळूला चिकटली होती.

नळी काढून डॉक्टर हात धूत असताना आतून म्हातारीचा आवाज आला. "मग आमचं खेचर कशाने मेलं होतं?"

"मी बघितलेलं नाही, आजी. कसं सांगू?"

"तरी पण."

डॉक्टरने जरा विचार केला. "दिवस दिवस तहानलेलं असणार. आतून आधीच भरलेलं असणार, हिच्यासारखं. मरायच्या दिवशी कोणीतरी पाणी दाखवलं म्हणून ते प्यालं. मारलं तहानेने, नाव आलं पाण्यावर."

फटफटी गेल्यावर सून आत डोकावली. म्हातारी तशीच बसून होती आणि तोंडावर पदर दाबून रडत होती. आवाज नव्हता. खांदे मात्र गदगदत होते.

"आत्याबाई?"

"मी सोडला होता दोर," म्हातारी म्हणाली. "त्याची तहान बघवत नव्हती माझ्याच्याने. तुझे सासरे मरेपर्यंत म्हणत होते, हिने खाल्लं माझं खेचर. चारचौघांत म्हणायचे. जेवताना म्हणायचे. मी पण तेच म्हणत आले." मग डोळे पुसून ती खेकसली, "तू काय बघतेस उभी राहून? जा, तिला उठवत राहा."

ऊन कलायला लागलं तेव्हा भुरीने शेपूट उचललं आणि शेण टाकलं. घुम्या असा ओरडला की शेजारच्या झोपडीतली माणसं पळत आली. आधी सुके गोटे आले, मग ओलं, मग भरपूर. लोक जमले आणि एखाद्याच्या घरी पोर झाल्यासारखे ते शेण बघत उभे राहिले. घुम्या चक्क हसत होता. म्हातारीनेही उंबऱ्यातून मान उंच करून बघितलं, आणि म्हणाली, "आता नुसते बघत काय राहिलात? आरती करायचीये का त्याची? उचला."

*

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण संपली नाही.

खेचर बसलं की गाडी बसते आणि गाडी बसली की भट्टी भरत नाही, हे मुकादमाला त्या दिवशी चांगलंच कळलं होतं. त्याने एक मोठं पिंप उभं कापून घेतलं आणि दोन आडव्या टाक्या विटा रचायच्या जागेजवळ ठेवल्या. पाइपाचं तोंड तिकडे वळवलं. दर खेपेला जनावराने तिथे थांबावं, हवं तेवढं प्यावं, मगच पुढे जावं. "एकही खेचर बसलेलं दिसलं तर बघा," तो सगळ्या गाडीवाल्यांना म्हणाला. ज्याने आजवर माणसांना सावली दिली नव्हती त्याने जनावरांसाठी टाकीवर फाटकी ताडपत्रीही बांधली.

सून त्यातल्या एका टाकीशेजारीच गाडी भरायची. भुरी यायची, मान खाली घालायची आणि घटाघट प्यायची. पाणी तिच्या गळ्यातून वर सरकताना दिसायचं, एकामागून एक गोळे. पिऊन झालं की ती तिथेच, सगळ्यांदेखत, मागचे पाय फाकवून मोकळी व्हायची. कोणी बघत नसे. कोणी हसत नसे. मुतलेल्याचे शिंतोडे सुनेच्या पायावर उडायचे आणि तिच्या मनात यायचं, जन्म घ्यावा तर असा. एवढ्या हेव्याने तिने कोणाच्या दागिन्यांकडेही कधी बघितलं नव्हतं.

तिला आता ताप येत होता. दुपारी अंगात हुडहुडी भरायची, त्या उन्हात. विटा कधी चार दिसत, कधी आठ. एकदा हाताच्या पाठीवरची कातडी तिने चिमटीत धरून सोडली. कातडी खाली बसली नाही. ती बघत राहिली, आणि मुकादम ओरडला म्हणून विटा उचलायला लागली.

डॉक्टर भुरीला बघायला पुन्हा आला तेव्हा घुम्या तिला घेऊन खेपेवर गेलेला होता. दुपारच्या सुट्टीला सून घरी आलेली होती. म्हातारी मागच्या बाजूला खोगिराखालचं गोणपाट धूत बसली होती. डॉक्टरने सावलीत बसून थोडं थांबू म्हटलं. सून पुन्हा भिंतीआड उभी राहिली.

"डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "एक विचारू? जनावराचंच आहे."

"विचारा ना, ताई."

"मादी जनावर असेल. त्याला लघवीला आग होत असेल, आणि थेंब थेंब होत असेल. लालसर. तर त्याला काय द्यायचं?"

"भुरीला होतंय असं?"

"भुरीला नाही. दुसरं आहे. त्याला ताप पण येतो. थंडी वाजून. आणि कंबरेत इथे, उजवीकडे, कळ येते."

डॉक्टरने भिंतीकडे बघितलं. "कंबरेत कळ येते हे तुम्हाला कसं कळलं? सांगितलं त्याने?"

भिंतीआडून अगदी बारीक आवाजात, "हो."

त्याच्या ध्यानात आलं. त्याने जांभई अर्ध्यावर गिळली आणि तोंडावरून हात फिरवला. "किती दिवस?"

"पुष्कळ. आधी नुसती उन्हाळी होती."

"उन्हाळी," डॉक्टर म्हणाला. "ताई, आपण काय नाव ठेवू त्याने रोगाला फरक पडत नाही. त्या जनावराला माझ्या पेटीतलं काही चालणार नाही. त्याला माणसांच्या दवाखान्यात न्या. आजच. तो ताप पुढे सरकला तर जिवावर बेतेल. आणि त्याला पाणी पाजा. खूप. थांबवू नका."

"पाजलं तर त्याने जायचं कुठे?" सून म्हणाली.

"म्हणजे?"

"भुरी जाते टाकीपाशी. ते जनावर कुठे जाईल?"

डॉक्टरने पेटी उघडली, बंद केली, आणि म्हणाला, "यावर माझ्याकडे नळी नाही, ताई." त्याने खोटा धीर दिला असता तरी चाललं असतं, पण दिला नाही.

झोपडीमागे पाण्याचा आवाज केव्हाच थांबला होता.

फटफटी गेल्यावर म्हातारी हात ओलेच घेऊन आत आली. सुनेच्या कपाळाला तिने हात लावला आणि झटकन काढला. मग तिचं मनगट धरलं, हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत घेतली, ओढली, सोडली, आणि डोळे बारीक करून बघत बसली. डॉक्टरने भुरीला केलं होतं अगदी तसं.

"किती खेपेला झाली ही?"

"या वर्षीची तिसरी."

"मला दर वर्षी व्हायची," म्हातारी म्हणाली. "माझ्या सासूला व्हायची. माझी धाकटी जाऊ तर त्यातच गेली. तापाने गेली म्हणालो आम्ही." तिने सुनेचं मनगट सोडलं. "खेचराची तहान बघवली नाही मला. आणि तू माझ्यासमोर रोज..." ती उठली आणि मुलाला बोलवायला स्वतः भट्टीपर्यंत गेली, गुडघे धरत, शिव्या देत.

दवाखान्यात सुनेला गाडीतूनच नेलं. घुम्याने दांड्यांना भुरी जुंपली आणि वाटेत एकदाही तिला चुचकारावं लागलं नाही, तीच जोरात चालली. तिथली डॉक्टरबाई चांगली होती. सुई दिली, गोळ्या दिल्या, किडनीपर्यंत गेलंय म्हणाली, वेळेवर आणलंत म्हणाली. निघताना दारापर्यंत येऊन तिने बजावलं, "आणि पाणी भरपूर प्यायचं हं. दिवसभर. घोट घोट." सून तापातही हसली. त्या बाईला वाटलं, हिला बरं वाटायला लागलं.

घुम्याने परत येताना एवढंच विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"विचारलंत कुठे दुसऱ्यांदा?"

गोणपाटाची घडी करून त्याने तिच्या पाठीशी लावली, खड्ड्यांचे धक्के बसू नयेत म्हणून.

*

ताप उतरला. कळ पुरती गेली नव्हती, पण घरी बसून भागण्यासारखं नव्हतं. सून कामावर आली त्या दिवशी ऊन पहिल्यासारखंच होतं. भुरी टाकीवर थांबली, प्यायली. सून विटा रचत राहिली. गोळी घ्यायची वेळ झाली तेव्हा तिने ती नुसत्या लाळेने गिळली.

दुपारी भट्टीच्या वाटेवर म्हातारी दिसली. मुलाला बोलवायला आली ती खेप सोडली, तर तिने भट्टीवर पाऊल टाकायचं सोडलं त्याला किती काळ लोटला होता. आता तिच्या एका खांद्यावर धुतलेलं गोणपाट होतं, बगलेत दोन काठ्या, आणि हातात तांब्या. तिला चालताना बघून लोकांनी काम थांबवलं. ती सरळ सुनेपाशी आली, धापा टाकत, आणि तांब्या पुढे केला.

"पी."

सुनेने इकडेतिकडे बघितलं. सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "तापलेय मी, आत्याबाई. आधी निवू दे."

"आधी पी," म्हातारी म्हणाली. "निवशील मागाहून."

सून प्यायली. दोन घोट झाल्यावर थांबली, पण म्हातारीने तांब्या खाली येऊ दिला नाही. तळाला बोट लावून तो वरच धरला. सगळा संपेपर्यंत.

मग म्हातारी पलीकडे गेली, जिथे भट्टीचा चढ उतरतो तिथे. काठ्या भुईत रोवायला बघितल्या, पण ती जमीन भाजून दगड झालेली. काठ्या उभ्या राहीनात. तिने त्या फेकून दिल्या, गोणपाटाची दोन टोकं दोन हातांत धरली आणि हात फाकवून उभी राहिली.

"जा."

मुकादम छपरीतून ओरडला, "आजी! भर दुपारी काय वाळत घातलंय तिथे?"

"लाज!" म्हातारी तिकडूनच ओरडली. "फार दिवस कोंडून ठेवली होती, कुबट वास यायला लागला होता!"

थप्पीवरचं एक पोरगं फिसकन हसलं. घुम्या गाडीवरून खाली उतरला आणि नुसता त्याच्याकडे बघत उभा राहिला. पोरगं हसायचं थांबलं. भुरीची गाडी घुम्याने वाटेत आडवी घातली आणि स्वतः भट्टीकडे तोंड करून तिच्यापुढे उभा राहिला. मुकादम काहीतरी पुटपुटला, आणि छपरीत परत गेला.

सून गोणपाटामागे गेली. त्याला अजून भुरीच्या घामाचा वास होता. बसल्यावर तिला आधी काही होईचना. एवढ्या उन्हात, एवढ्या उजेडात अंगाला ते जमतच नव्हतं. ती रडकुंडीला आली. वर म्हातारीचे हात दिसत होते, काडीसारखे, आणि ते थरथरत होते. मग झालं. आग होती अजून, पण झालं.

ती बाहेर आली तेव्हा पलीकडे बायका उभ्या होत्या. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. एक नवी मुलगी पुढे आली आणि मान खाली घालून गोणपाटामागे शिरली. मग दुसरी. म्हातारीचे हात आता खाली यायला लागले होते. सुनेने एक टोक घेतलं, मग दुसरंही घेतलं.

"द्या इकडे. बसा तुम्ही सावलीला."

म्हातारी बसली नाही. बायका मोकळ्या होऊन कामाला लागल्या तरी ती तिथेच घुटमळत राहिली, पदराचं टोक बोटांना गुंडाळत. सुनेला काही उमजेना. मग उमजलं. उभा जन्म या बाईने भट्टीवर काढला होता, आणि दिवसाउजेडी एकदाही नाही.

"आत्याबाई," ती म्हणाली. "तुम्ही पण जा. मी आहे."

म्हातारी गेली. सुनेने हात जमतील तेवढे वर ताणले, पाठीत कळ आली तशी येऊ दिली. टाकीवर भुरी पुन्हा पाणी पीत होती. बराच वेळ गेला.

"मुकादम बघतोय का गं?" गोणपाटामागून आवाज आला.

"नाही."

"बघू दे मेल्याला," म्हातारी म्हणाली. "तू हात खाली नको आणूस."